गिरणगावातली पकड

मुंबईच्या गिरणगावात विसाव्या शतकात कबड्डीच्या खेळाडूंच्या पिढ्यांमागून पिढ्या घडल्या आणि त्यांतले कितीतरी जण पकडीसाठी ओळखले गेले. लालबाग, परळ, काळाचौकी, कॉटन ग्रीन, शिवडी, नायगाव, करी रोड, वरळी या पट्ट्यात संध्याकाळी दिवे लावून सामने होत आणि दोन चाळींमधली बोळकांडी माणसांनी भरून जात. या खेळाडूंपैकी जवळजवळ कोणीच कबड्डीच्या पैशावर जगला नाही. ते जगले कबड्डीमुळे मिळालेल्या नोकरीवर. खेळ हाच थेट पेशा झाला तो २०१४ नंतर, आणि तोवर ज्या वस्तीने हे खेळाडू दिले तिचा मूळ उद्योग बंद पडला होता. बचावपटूच्या पेशाचा इतिहास म्हणूनच गिरणी, गोदी आणि चाळ यांच्या इतिहासाला चिकटलेला आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवची ती गिरणी चालू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कामाला माणसे आली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासह तळकोकणातून, आणि घाटावरच्या सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या भागांतून. बहुतेकांची बायकामुले गावी असत. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. त्यांना एकत्र बांधणारी ठिकाणे तीन होती: गावकरी मंडळ, भजनाचा फड आणि तालीम. कोकणातला माणूस हुतूतू घेऊन आला, घाटावरचा कुस्ती घेऊन आला. गिरणगावाच्या कबड्डीत या दोन्ही गोष्टी मिसळल्या, आणि पकडीवर कुस्तीचा ठसा उमटला तो इथेच असे मानायला जागा आहे. पट काढणे, कंबर धरणे, पायात पाय घालून तोल घालवणे हे सगळे आखाड्यातलेच शिक्षण.

कॉटन ग्रीनला या पट्ट्यात वेगळे स्थान होते. कापसाचा बाजार पूर्वी कुलाब्याला भरत असे. पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी हा किनारा भराव घालून वाढवला आणि १९२० च्या दशकात बाजार तिथे हलला. रेल्वेने विदर्भ, खानदेश, गुजरातमधून येणाऱ्या गासड्या उतरवायला रांगेने गोदामे बांधली गेली. सौद्यांसाठी कॉटन एक्स्चेंजची इमारत उभी राहिली आणि हार्बर मार्गावरच्या स्थानकालाही कापसाचेच नाव मिळाले. मुंबईच्या बाजारात भाव खंडीवर ठरे. खंडी म्हणजे ७८४ पौंड, दाबून बांधलेल्या ३९२ पौंडांच्या दोन गासड्या. एक गासडी पावणेदोनशे किलोंहून जड. हुक मारून ती ओढणारे, कलती करून लोटणारे, थप्पीवर चढवणारे हमाल याच परिसरात राहत. नुसत्या हमालीने कोणी कबड्डीपटू होत नाही, पण ज्या वस्तीत रोज असे काम चाले तिथे मांड्या, पाठ आणि पंजे यांची ताकद ही कौतुकाची नव्हे, गरजेची गोष्ट होती.

ताकद होती, वेळ नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तिच्या रेट्यामुळे १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य झाली. तरीही दिवसाचे काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आणि विजेचे दिवे आल्यावर त्याहूनही जास्त चाले. १९२२ च्या कायदा-दुरुस्तीने आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली, १९३४ च्या कायद्याने दिवसाला दहा तासांची आणि १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची. खेळाच्या इतिहासात या कायद्यांची नोंद क्वचितच होते. ती व्हायला हवी, कारण पहिल्या पाळीचा कामगार दुपारी मोकळा होऊ लागला तेव्हाच गिरणगावात संध्याकाळचा सराव ही गोष्ट शक्य झाली.

याच काळात खेळालाही शिस्त लागत होती. महाराष्ट्रात हुतूतू तीन तऱ्हांनी खेळला जाई. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद झाल्यावर पुन्हा जिवंत होई. गामिनीत बाद झालेला बाहेरच राही, सगळा संघ संपेपर्यंत. अमर प्रकारात गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. आजच्या कबड्डीने मुख्यतः संजीवनीची रीत उचलली. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम ठरवून मोठी स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्त्याला सुरू झाली. पुढची कितीतरी वर्षे या स्पर्धांवर महाराष्ट्राची छाप राहिली, आणि महाराष्ट्राच्या संघात मुंबईचे खेळाडू मोठ्या संख्येने असत.

मुंबईतला संघ म्हणजे मंडळ. दादरचे अमर हिंद मंडळ किंवा विजय क्लब, लालबागचे अंकुर स्पोर्ट्स ही नावे मुंबईच्या कबड्डीत सर्वांच्या ओळखीची आहेत. लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरचा श्रमिक जिमखाना हे शहराच्या स्पर्धांचे हक्काचे मैदान झाले. काळाचौकीच्या अभ्युदयनगरातले शहीद भगतसिंग मैदान कॉटन ग्रीन स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर. ज्या मुलांनी गणपतीत मांडव घातला तीच मुले दिवाळीनंतर मैदान आखत. माती चाळायची, तीत शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळायचा, पाणी मारून दाबायची आणि चुन्याने रेषा ओढायच्या. मैदानासाठी माती, शेणखत आणि भुसा ही सामग्री नियमपुस्तकातही सांगितलेली होती. खेळाडू अनवाणी उतरत. प्रवेशिका, बनियनवरचे आकडे, दिव्यांचे भाडे, बाहेरून आलेल्या संघाचे जेवण हा सगळा खर्च वर्गणीतून होई. विजेत्याला ढाल किंवा चषक मिळे, उत्कृष्ट खेळाडूला भांडे, घड्याळ, पुढे पुढे सायकल. या व्यवस्थेत खेळाडूला पैसा नव्हता, पण परीक्षक फार कडक होते. खिडक्यांतून आणि गॅलऱ्यांतून बघणाऱ्या लोकांना पकड चांगली कोणती आणि नशिबाने लागलेली कोणती हे नेमके कळत असे.

पकडीचे शास्त्र समजून घेतल्याशिवाय या खेळाडूंची किंमत कळत नाही. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधल्या रेषेने त्याचे साडेसहा मीटरांचे दोन भाग होतात. दोन्ही कडांचे एकेक मीटरचे पट्टे राखीव क्षेत्र म्हणून सुरुवातीला बंद असतात आणि झटापट सुरू झाली की खुले होतात. चढाईपटूला मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची निदान रेषा ओलांडावी लागते, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा असते. एवढ्या जागेत सात बचावपटू उभे राहतात. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आत मध्यरक्षक आणि मध्ये बाकीचे. बहुधा ते दोघे-दोघे हात धरून साखळी करतात.

हिशेब बचावपटूच्या विरुद्ध असतो. चढाईपटूने तिघांना स्पर्श करून रेषा गाठली तर तीन गुण आणि तिघे बाहेर. बचावाने त्याला पकडले तर गुण एकच. शिवाय चढाईपटू चुकला तर तो एकटा बाद होतो, बचावपटू चुकला तर त्याच्या मदतीला धावलेलेही बाद होतात. त्यामुळे बचावपटूचा सगळा पेशा थांबण्यावर उभा आहे. चढाईपटू पाय पुढे टाकतो, मागे घेतो, हात फेकतो, पाठ दाखवतो, आणि त्यातली बहुतेक हालचाल फसवी असते. कोपरारक्षक त्याच्या छातीकडे किंवा डोळ्यांकडे पाहत नाही, मागच्या पायाकडे पाहतो, कारण वजन कुठल्या पायावर आहे हे तोच सांगतो. पाय हवेत गेला की घोटा धरायचा आणि आपल्याकडे ओढून वर उचलायचा, म्हणजे समोरच्याला उडी मारायला जमीन उरत नाही. मांडीची पकड जवळून होते, कंबरेची मागून. मध्यरक्षकाचे काम वेगळे. परतणाऱ्या चढाईपटूच्या वाटेत खांदा आणि छाती आडवी घालायची, त्याला रोखायचे किंवा धडक देऊन मैदानाबाहेर घालवायचे. कोपऱ्याने घोटा धरला आणि मध्यरक्षक अर्ध्या क्षणाने उशिरा आला तर गुण समोरच्याला. म्हणूनच एकाच चाळीत, एकाच मैदानावर दहा वर्षे एकत्र खेळलेले कोपरा आणि मध्य यांची जोडी एखाद्या उत्तम पण नवख्या खेळाडूपेक्षा जास्त मोलाची ठरे. गिरणगावाची खरी ताकद या जोड्यांमध्ये होती. तिथे खेळाडू एकेकटे तयार झाले नाहीत.

शरीराची किंमतही बचावपटूच जास्त मोजतो. झेपावताना गुडघा जमिनीवर आपटतो, बोटे निखळतात, खांदा उतरतो, उसळी घेणाऱ्या चढाईपटूची टाच तोंडावर बसते. मातीत खरचटणे तर रोजचेच. त्या काळात इलाज म्हणजे तालमीतला वस्ताद, हळदीचा लेप आणि ओढून बसवलेला सांधा. बरेच खेळाडू तिशी ओलांडता ओलांडता थांबत, काही त्याआधीच.

मग पोट कसे भरायचे? पहिले उत्तर गिरणीने दिले. चांगल्या खेळाडूला खात्यात बदली कामगार म्हणून लावून घेतले जाई, पुढे कायम केले जाई आणि स्पर्धेच्या दिवसांत पाळी बदलून मिळे. १९५३ च्या कायद्याने मुंबई राज्यात कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्यातून चालणाऱ्या कामगार कल्याण मंडळाने वस्त्यावस्त्यांत केंद्रे काढली आणि कामगारांच्या कबड्डी स्पर्धा नियमित सुरू केल्या. मंडळाचे प्रभादेवीचे क्रीडाभवन हुतात्मा बाबू गेनू यांच्या नावाने ओळखले जाते. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १९३० मध्ये मारला गेलेला हा तरुण गिरणी कामगारच होता.

दुसरे उत्तर गिरणीबाहेरून आले आणि ते जास्त टिकाऊ निघाले. रेल्वे, गोदी, पोलीस, महापालिका, बेस्ट, राष्ट्रीयीकृत बँका, तेल कंपन्या, एअर इंडिया, महिंद्रसारखे खासगी कारखाने यांनी खेळाडूंची भरती करून संघ बांधले. राज्यातल्या मोठ्या स्पर्धांमध्ये स्थानिक मंडळांचा गट वेगळा आणि कंपन्यांच्या संघांचा व्यावसायिक गट वेगळा अशी विभागणी रूढ झाली. चाळीतल्या मुलासाठी यात जगणे बदलण्याची शक्यता होती. शाळा दहावीला सुटलेली, बाप गिरणीत, घरात सहा-सात माणसे, अशा मुलाला चांगल्या पकडीमुळे कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि आजारपणाचा खर्च मिळत असे. आईबापांनी खेळायला पाठवण्याचे कारण अनेक घरांत हेच होते. यात लाचारी शोधणे अन्यायाचे ठरेल. खेळाने घर उभे राहते हे गिरणगावाला इतरांच्या कितीतरी आधी कळले होते.

हीच वाट जगात दुसरीकडेही चोखाळली गेली आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहून चेंडू घेऊन येणाऱ्याला जमिनीवर पाडणारा गडी लाइनबॅकर म्हणून ओळखला जातो. त्याचे काम कबड्डीच्या मध्यरक्षकाला लगेच ओळखू येईल. तो खेळही कारखान्यांच्या अंगणात वाढला. ग्रीन बे शहराच्या संघाला १९१९ मध्ये गणवेशाचे पैसे इंडियन पॅकिंग या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने दिले, म्हणून तो पॅकर्स झाला. डिकेटरच्या स्टॅली या स्टार्च कंपनीने १९२० मध्ये जॉर्ज हॅलस यांना कारखान्यात नोकरी देऊन संघ बांधायला सांगितले. खेळाडू कारखान्याचे काम करत आणि कामाच्या वेळेतच सराव करत. तोच संघ पुढे शिकागोला जाऊन बेअर्स झाला. त्याच वर्षी ओहायोतल्या कँटनला ज्या संघटनेची स्थापना झाली तिचीच पुढे एनएफएल ही लीग झाली.

त्या खेळातला चक बेडनारिक गिरणगावातल्या कोणालाही आपला वाटावा असा. १९२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम या पोलादाच्या गावी स्लोव्हाक स्थलांतरिताच्या घरी त्याचा जन्म झाला. वडील पोलाद कारखान्यात कामाला. दुसऱ्या महायुद्धात त्याने बॉम्बफेकी विमानातला तोफची म्हणून तीस मोहिमा केल्या, मग विद्यापीठात शिकला. लीगच्या १९४९ च्या खेळाडू-निवडीत फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला सर्वांत आधी उचलले आणि १९६२ पर्यंत तो त्याच संघाकडून खेळला. आक्रमणात मध्यभागी आणि बचावात लाइनबॅकर, असा दोन्हीकडे खेळणारा तो त्या लीगमधल्या शेवटच्या काही जणांपैकी एक. १९६० च्या अंतिम सामन्यात ग्रीन बेचा जिम टेलर चेंडू घेऊन गोलरेषेकडे धावत असताना बेडनारिकने त्याला शेवटच्या क्षणी खाली पाडून धरून ठेवले आणि ईगल्स १७–१३ असे जिंकले. इतका मोठा खेळाडू हंगाम संपला की काँक्रीट विकण्याचे काम करत असे, त्यामुळे त्याला काँक्रीट चार्ली हे टोपणनाव पडले. दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा १९६० च्या दशकापासून वाढत गेला तशी त्यानंतरच्या लाइनबॅकरांना दुसऱ्या नोकरीची गरज हळूहळू उरली नाही. कबड्डीत तोच पैसा यायला आणखी पन्नास वर्षे लागली.

मधल्या काळात मान मिळाला तो पुरस्कारांच्या आणि पदकांच्या रूपाने. १९७२ मध्ये कबड्डीचा पहिला अर्जुन पुरस्कार सदानंद शेट्ये यांना मिळाला. त्याच सुमारास देशपातळीवरची संघटना नव्याने बांधली गेली, १९८० मध्ये कलकत्त्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले. १९९० मध्ये बीजिंगला पदकासाठी कबड्डी पहिल्यांदा खेळली गेली आणि भारताने सुवर्ण जिंकले. या सगळ्या प्रवासात शंकरराव तथा बुवा साळवी यांचे श्रम मोठे आहेत. गावोगावच्या वेगवेगळ्या रीती एका नियमाखाली आणणे, पंच तयार करणे, जिल्हा संघटना उभ्या करणे, देशाबाहेर खेळ समजावून सांगणे ही न दिसणारी कामे त्यांनी आयुष्यभर केली. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० च्या दशकात अशोक शिंदे आणि राजू भावसार यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाले.

बीजिंगचे सुवर्ण आले तेव्हा गिरणगाव मात्र कोसळत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो कुटुंबे गावी परतली, ज्यांनी मुंबई सोडली नाही त्यांनी भाजी विकली, रिक्षा चालवली, वॉचमनची कामे केली. काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या त्या थोड्या कामगारांवर, आणि पुढच्या वीस वर्षांत त्याही एकेक करून थंड झाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती आणखी रुंद केली.

कबड्डीवर याचा घाव दोन ठिकाणी बसला. गिरणीची नोकरी हा खेळाडूचा पहिला आधार गेला. दुसरा घाव हळूहळू जाणवला. कुटुंबे डोंबिवली, दिवा, विरार, नालासोपाऱ्याकडे सरकली आणि वर्षानुवर्षे एकत्र सराव करणारी मुले पांगली. जी जोडी रोज संध्याकाळी एका मैदानावर उभी राहत असे ती आता आठवड्यातून एकदा लोकलने भेटू लागली. मोकळ्या जागांवर वाहनतळ आले, मैदानांच्या कडेने मनोरे उठले. तरीही मंडळे बंद पडली नाहीत. जुने खेळाडू मुलांना शिकवायला येत राहिले, स्पर्धा होत राहिल्या, आणि मुंबईतली कार्यालये व पोलीस दल या मैदानांवरून खेळाडू उचलत राहिले. २००५ मध्ये राज्य सरकारने नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले, त्याचा आधारही अनेकांना मिळाला.

दरम्यान खेळ मातीतून मॅटवर गेला. २००४ मध्ये पहिला विश्वचषक मुंबईतच झाला आणि भारताने इराणला हरवून तो जिंकला. २००७ मध्ये दुसरा विश्वचषक पनवेलला झाला. मॅटवर बूट आले, वेग वाढला आणि बचावपटूला आपले शास्त्र नव्याने शिकावे लागले. मातीत अनवाणी घोटा घामाने निसटतो पण चढाईपटूचा पायही घसरतो. मॅटवर त्याला जमिनीचा आधार पक्का मिळतो, तो थांबतो आणि वळतो ते झटक्यात. घोट्याची पकड अर्ध्या क्षणाने उशिरा झाली की ती वायाच जाते. म्हणून धडक, रोखणे आणि दोघा-तिघांनी मिळून केलेली पकड यांचे महत्त्व वाढले. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या कित्येक उत्तम बचावपटूंची कारकीर्द नेमकी या बदलात अडकली. मॅट फार थोड्या जणांच्या वाट्याला होती, आणि मातीत केलेला सराव मॅटवर तसाच्या तसा उपयोगी पडत नव्हता.

प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये झाला. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनी तिथून फार लांब नाहीत. आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या लीगमध्ये मुंबईच्या यू मुंबा संघाने त्या दिवशी जयपूर पिंक पँथर्सला ४५–३१ असे हरवले, पण ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात जयपूरने ३५–२४ अशी परतफेड केली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली लागली ती राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. दूरचित्रवाणीसाठी नियमांना धार आली. चढाईला ३० सेकंदांचे घड्याळ, दोन कोऱ्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण मिळवण्याची सक्ती, आणि तीन किंवा कमी बचावपटूंनी चढाईपटू पकडला तर एक जादा गुण देणारी अव्वल पकड. शेवटच्या दोन नियमांनी बचावपटूचे भाग्य पालटले. पूर्वी वेळ काढत परत जाणाऱ्या चढाईपटूला आता आत यावेच लागे, आणि दोघेच उरलेल्या बचावाला सामना फिरवण्याची संधी मिळू लागली.

यू मुंबाने २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सला ३६–३० असे हरवून विजेतेपद मिळवले. कर्णधार अनुप कुमारचे नाव घरोघरी झाले, पण तो संघ उभा होता बचावावर. कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, मध्ये जीवा कुमार आणि मुंबईचा विशाल माने. याच संघातून इराणचा फजल अत्राचली पहिल्यांदा या लीगमध्ये दिसला. माने पुढे २०१७ च्या विजेत्या पाटणा पायरेट्समध्येही होता. महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाक २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय संघात होता. त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत मुंबईच्या रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४–२९ असे हरवले आणि दशकाहून जास्त काळ हुकलेले विजेतेपद परत आणले. या पिढीच्याही पाठीशी नोकरी होतीच. रिशांक आणि गिरीश हे दोघेही भारत पेट्रोलियमचे खेळाडू. लीग दोन-तीन महिन्यांची, दुखापत कधीही होणारी, लिलावात पुढच्या वर्षी नाव पुकारले जाईल याची शाश्वती नाही, अशा स्थितीत कार्यालयाची हजेरीपुस्तिका हाच अजूनही भरवशाचा आधार आहे.

बचावपटूची बाजारातली किंमत मात्र खरोखर बदलली. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने फजल अत्राचलीसाठी एक कोटी रुपये मोजले. त्याआधी कोणत्याही परदेशी खेळाडूला एवढी रक्कम मिळाली नव्हती, आणि तो चढाईपटू नव्हता, डावा कोपरारक्षक होता. त्याच लिलावात रिशांकला १ कोटी ११ लाख मिळाले. २०२३ मध्ये डाव्या कोपऱ्यावरच्या पकडींसाठी नावाजलेल्या इराणच्या मोहम्मदरझा शादलूला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतले. १ मार्च २०२४ रोजी अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. महाराष्ट्रातल्या संघाला कोपरा सांभाळायला इराणहून माणूस आणावा लागला याची खंत मुंबईच्या जुन्या कबड्डीप्रेमींना वाटली तर ती समजण्यासारखी आहे. पण इराणने हा खेळ मनापासून शिकला, आपल्या कुस्तीची त्यात भर घातली आणि जकार्तात भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत व महिलांना अंतिम फेरीत हरवून त्याचा दाखलाही दिला. कुस्ती आणि हुतूतू यांच्या मिश्रणातून गिरणगावाने जे घडवले होते त्याचीच ही दुसऱ्या भूमीतली आवृत्ती आहे.

महिलांच्या वाट्याला मान आला, टिकाऊ लीग आली नाही. २०१२ मध्ये पाटण्याला झालेला महिलांचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. मुंबईच्या अभिलाषाला २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची तीन संघांची स्पर्धा घेतली गेली, त्यातल्या आइस दिवाज संघाची ती कर्णधार होती. ती स्पर्धा एका हंगामापुरतीच राहिली. त्यामुळे चाळीतून येणाऱ्या मुलीपुढे आजही तोच मार्ग आहे जो १९६० मध्ये तिच्या आजोबांपुढे होता: मंडळातून जिल्ह्याच्या संघात, तिथून राज्याच्या संघात आणि मग पोलीस, रेल्वे किंवा एखाद्या सरकारी कार्यालयात भरती.